किती आणि कितवे

"तुम्ही कितवे?"

ओळख झाली की बाईंचा पहिला प्रश्न हाच असे. नाव, गाव, आडनाव नंतर. समोर रिक्षावाला असो, बँकेतला अधिकारी असो, नाहीतर दवाखान्यात नंबर लावून बसलेलं कुणी असो. समोरचा गोंधळून म्हणे, "कितवा म्हणजे?" बाई म्हणत, "आईचे कितवे?" मग तो मनात बोटं मोजून सांगे, "तिसरा." बाई मान तिरकी करून चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, "रेशनकार्डाच्या हिशेबानं, की आईच्या?"

बहुतेक लोक इथे हसत. काहीजण हसता हसता थांबत. बाईंचं काम त्या थांबण्यापाशी सुरू होई.

बाई सातपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांना वंशवेली काढून द्यायचा उद्योग सुरू केला. इतर लोक वंशवृक्ष म्हणून वड काढतात, खाली पारंब्या सोडतात. बाई द्राक्षाची वेल काढत. मांडवावर चढलेली, एकेका घराची एक फांदी, एकेका माणसाचं एक पान, पानावर नाव. आणि मधेच कुठेतरी पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे फुटायच्या आधीच थांबलेला कोंब. द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नसे. इतरांना बाई सांगत, "हे बाळ जन्मलं तेव्हा जिवंत नव्हतं. पण घरात आलं होतं. म्हणून वेलीवर आहे."

निफाडच्या एका बागायतदाराने आपल्या घराण्याची वेल निरखून पाहिली आणि शेरा मारला, "बाई, छाटणी चुकली तुमची. एवढे डोळे कोण ठेवतं?"

"तुमच्या आजीनं ठेवलेत," बाई म्हणाल्या. "माझी कात्री तिथं चालत नाही."

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर गंभीर चेहरा करून लिहिता येत नाही, कारण इतक्या दुःखाच्या गोष्टी शोधत फिरणारं इतकं आनंदी माणूस मी पाहिलेलं नाही. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. ते आलं की घरातले पंखे जरा जास्त वेगाने फिरतात असं वाटतं.

त्यांचं एक तंत्र होतं. "मुलं किती, एवढंच विचारून कधी थांबू नका," त्या सांगत. "त्याचं उत्तर माणसानं पाठ केलेलं असतं. शाळेत, रेशनच्या दुकानात, लग्नं जमवताना देऊन देऊन गुळगुळीत झालेलं असतं ते. हा कितवा, असं विचारा. मग मोजावं लागतं. आणि मोजायला बसलं की आई कुणाला वगळत नाही."

आमची ओळख मात्र भांडणातून झाली. मी तेव्हा एका दैनिकात निधनवार्तांचं पान बघत असे. एक दिवस हेल्मेट घातलेल्या एक बाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आमचाच अंक माझ्यासमोर पसरला.

"पश्चात कोण कोण आहे ते तुम्ही छापता," त्या म्हणाल्या. "पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडं. ह्या बाईंच्या आधी तीन मुलं गेली होती. ती कुठायत?"

मी म्हणालो, "तेवढी जागा नसते."

"एका ओळीची?"

"बाई, निधनवार्ता गेलेल्या माणसाची असते."

"मी तरी काय म्हणते? गेलेल्यांचीच नावं टाका."

पण आमच्या पानाचा साचा ठरलेला होता. तो बदलला नाही. बाईंना माझ्या टेबलाजवळची खुर्ची मात्र आवडली आणि त्या अधूनमधून येऊन बसू लागल्या. हेल्मेट डोक्यावर तसंच. कुणी चहा विचारला की ते काढत. चहा न विचारणाऱ्यासमोर हेल्मेट काढणं त्यांना मान्य नव्हतं. आमच्या संपादकांनी त्यांना सहा महिने हेल्मेटमध्येच पाहिलं.

छापायला आलेला मजकूर त्या खुशाल वाचत. त्यांची नजर नावांवर जाई. कचरू, पुंजा, दगडू, धोंडू, केरू, भिका. "आधीची मुलं हाताला लागली नाहीत की ह्याला नाव द्यायचं केराचं, नाहीतर दगडाचं," त्या म्हणत. "म्हणजे देवाला वाटावं, हा काय कामाचा, राहू दे इथंच. कचरू दिसला की समजायचं, ह्याच्या आधी कुणीतरी येऊन गेलंय." आमच्या जिल्ह्यात कचरू पुष्कळ. बाईंना काम कधी कमी पडलं नाही.

एकदा नथू नावाचे एक गृहस्थ जमिनीची जाहीर नोटीस द्यायला आले. बाई म्हणाल्या, "काका, नाक दाखवा."

"का?"

"दाखवा तर खरं."

त्यांनी चष्मा काढला. नाकपुडीवर भोक बुजल्याची बारीक खूण होती. "लहानपणी टोचलंय," ते म्हणाले. "माझ्या आधीची दोन राहिली नाहीत. म्हणून मला पोरीसारखी नथ घातली. शाळेत घालेपर्यंत होती. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या नावावरच आहे की."

गृहस्थ बराच वेळ हसत होते. मग खुर्ची ओढून बसले आणि त्या दोघांबद्दल आई काय सांगायची ते बाईंना सांगू लागले. नोटीस द्यायची राहिली. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

बाई नेहमी बरोबर असत असं नाही. दोन भावंडांत चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं की त्यांना तिथे एक डोळा दिसू लागे. सिन्नरच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे त्यांनी अशीच जागा हेरली आणि आवाज हळू करून आजोबांना विचारलं, "इथं कुणी होतं का?"

आजोबा म्हणाले, "इथं कोण असणार? मी आसामात होतो. पलटणीत. सुट्टीच मिळाली नाही."

आजी आतून म्हणाली, "आल्यावर बघा, वर्षाला एक." ही फजिती सगळ्यांत जास्त बाईंनीच सांगितली. दरवेळी आजीचा आवाज काढून सांगत.

रामकुंडावरच्या उपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. बाई त्याही पाहून येत. पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरुष तिथे नीट ओळीने सापडत. बायका कुणाची तरी पत्नी म्हणून सापडत. जन्मतःच गेलेली बाळं कुठेच नसत, कारण बाराव्या दिवसाच्या आत गेलेल्याला नाव नसतं आणि नावाशिवाय वहीत काय लिहिणार? दवाखान्यांच्या नोंदी अलीकडच्या काळापुरत्या. म्हणून बाईंचा खरा दफ्तरखाना म्हणजे म्हाताऱ्या बायका. चुली, ओटे, लग्नातले कोपरे, देवळाच्या पायऱ्या. तिथे त्यांना सगळं मिळे.

त्यांचं स्वतःचं काही असेल, असं लोकांना वाटे. कुणी चाचरत विचारलं की त्या सांगत, "छे. मला दोन मुलं. दोन्ही धडधाकट. दोन्ही फोन करत नाहीत." मग शाळेतली गोष्ट सांगत. पाचवीच्या वर्गाला 'माझं कुटुंब' हे चित्र दिलं होतं. एका मुलीने आई, बाबा, दादा, स्वतः अशी चित्रं काढली आणि आईच्या शेजारी एक छोटं गाठोडं काढलं. बाईंना वाटलं बाजाराची पिशवी आहे. मुलगी म्हणाली, "हा आमचा बाळ. तो आला नाही." बाईंनी तिला दहापैकी दहा दिले. "दहापैकी दहा मी दुसऱ्या कुणाला दिल्याचं आठवत नाही," त्या म्हणत.

आता अण्णांची गोष्ट.

अण्णा आमच्या कॉलनीत, माझ्या समोरच्या बंगल्यात राहतात. सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन होते. गाव लासलगावजवळ. तिकडे तिघे धाकटे भाऊ कांदा आणि द्राक्षं करतात. अण्णा थोरले. त्यांच्या बाबतीत हे विशेषण नव्हतं, हुद्दा होता. नाशिकच्या घरात फ्रिज कुठला घ्यायचा इथपासून गावाकडचा कांदा कधी बाजारात न्यायचा इथपर्यंत सगळं अण्णांच्या होकारावर चाले.

त्यांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. एक्याऐंशीव्या वर्षाचा सोहळा, लॉन ठरलेलं, गावाहून गाड्या येणार. स्टेजच्या मागे वंशवेलीचा मोठा फ्लेक्स लावायची कल्पना वहिनींची, म्हणजे अण्णांच्या पत्नीची. बाईंचं नाव मी सुचवलं आणि त्यांना घेऊन मीच गेलो.

आजी सोफ्यावर पाय वर घेऊन मेथी निवडत बसल्या होत्या. बाईंनी अण्णांना विचारलं, "तुम्ही कितवे?"

"थोरला. पहिला."

"रेशनकार्डाच्या हिशेबानं, की आईच्या?"

"दोन्ही," अण्णा म्हणाले. त्यांना हा प्रश्न म्हणजे हुद्द्याची चौकशी वाटली.

बाई आजींकडे वळल्या. "आजी, मुलं किती?"

"चार. चारी पोरंच."

"आणि हे अण्णा कितवे?"

आजींनी मेथीची एक काडी मोडली. "दुसरा."

अण्णा म्हणाले, "आई, पहिला. मी पहिला."

"पहिला कसा रं? तुझ्या आधी एक झालं ना. ते मेलेलंच झालं." आजी पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

"हे कधी बोलली नाहीस तू."

"कोणी इचारलंच नाय. सगळी किती ते इचारत्यात. कितवा कोण इचारतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढा सभ्यपणा त्यांच्यात होता.

घरात पहिल्यांदा बोलल्या त्या वहिनी. "म्हणजे हे आद्यगर्भाचे नाहीत?" त्या सावकाश म्हणाल्या. मग बाईंकडे वळून त्यांनी तक्रार नोंदवावी तसं सांगितलं, "आमचं लग्न ज्येष्ठात धरलं होतं. हे थोरले, मी आमच्याकडची थोरली, वर महिना ज्येष्ठ. तीन ज्येष्ठ एकत्र नकोत म्हणून मोडली ती तारीख. पुढे चातुर्मास. थेट तुळशीचं लग्न झाल्यावर लागलं आमचं. माझ्या शालूची घडी तशीच पडून होती पेटीत." त्या नवऱ्याकडे वळल्या. "उगाच."

"मी सांगणार व्हते," आजी म्हणाल्या. "सासूबाईंनी डोळे वटारले. म्हनल्या, शुभकार्यात तसलं नाव काढायचं नाय."

बाईंनी वेलीच्या कच्च्या आराखड्यावर अण्णांच्या आधी एक डोळा काढला. अण्णांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हे नको. मंगल कार्य आहे. शुभकार्यात कशाला ते?"

"अगदी आजेसासूबाई बोलल्या," वहिनी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी अण्णांनी भावांना फोन केला. स्पीकर चालू होता. सगळं ऐकून घेतल्यावर मधला भाऊ म्हणाला, "म्हंजी तू थोरला नाय."

"असं कसं?"

"आई म्हनली ना, दुसरा. मग कांदा उद्या नेऊ का बाजारात? आता कोणाला इचारायचं?" मागून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. अण्णांनी फोन ठेवला.

मुद्दा हसण्यावारी गेला, पण मिटला नाही. फ्लेक्स छापायला द्यायची वेळ आली तेव्हा अण्णांनी तोड काढली. डोळा नको, तो ओळखू येतो. पान ठेवा, पण कोरं ठेवा. लोकांना वाटेल नक्षी आहे. बाईंनी वाद घातला नाही. कोरं पान त्यांनी जरा मोठंच काढलं.

छापून आलेला फ्लेक्स दाखवायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा अण्णा पत्रिका वाटायला बाहेर गेले होते. दिवाणखान्यात फ्लेक्स उलगडला. आजी खाली वाकल्या आणि कोऱ्या पानावर बोट ठेवलं. "हे माझं पहिलं का?"

"हो."

"बाई, तू सगळ्यांचं शोधती. एवढं बघशील का? पोरगं व्हतं का पोरगी, ते कळंल का?"

बाईंनी विचारलं, "तुम्हाला माहीत नाही?"

"दावलंच नाय मला. सुईणीनं गुंडाळून नेलं. मी इचारलं तर सासूबाई म्हनल्या, आता कशाला माया लावती. पुन्हा नाय इचारलं." त्यांनी फ्लेक्सवरून हात फिरवला. "तवापासून कोनी चार पोरं म्हनून कौतुक केलं की मी मनात म्हनते, पाच असतील नायतर चार अन् एक. ते एक काय, तेच ठावं नाय. जायच्या आधी कळलं तर बरं."

बाई आजींच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मग कामाला लागल्या. "बाळंतपण माहेरी झालं?"

"माझी आई नव्हती. सासरीच झालं."

"घरात कोण कोण होतं?"

"सासूबाई, सुईण. दोघी गेल्या. अन् नणंद व्हती, परकरातली. तिला चुलीपाशी बसवली व्हती, पाणी तापवायला."

"नणंद कुठे असतात?"

"येवल्याला," दारातून आवाज आला. अण्णा पत्रिकांची पिशवी घेऊन उभे होते. कधी आले होते, किती ऐकलं होतं, कुणी विचारलं नाही. पिशवी खाली ठेवून त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "आत्या येवल्याला असते. सकाळी निघू."

येवल्याच्या रस्त्यावर विंचूरच्या पुढेमागे कांद्याचे ट्रॅक्टर लागले. अण्णा एरवी ट्रॅक्टरमागे अडकले की हॉर्न वाजवतात. त्या दिवशी वाजवला नाही. बाई पुढच्या सीटवर, हेल्मेट मांडीवर. गाडीत हेल्मेट कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "घरी एकटं कुठं ठेवू?"

अण्णा मधेच म्हणाले, "मुलगाच असणार. आमच्याकडे मुलगेच होतात."

"बघू," बाई म्हणाल्या.

आत्यांच्या शेजारच्या घरात हातमाग चालू होता. त्याची खटखट भिंतीतून येत होती. आत्या बारीक चणीच्या, तुरुतुरु चालणाऱ्या. अण्णांनी आधी तब्येत विचारली, मग गुडघे, मग पाऊसपाणी. मग सोहळ्याची पत्रिका दिली. मग पुन्हा गुडघे विचारले. शेवटी बाईंनीच विचारलं, "आत्या, तुमच्या वहिनींचं, म्हणजे अण्णांच्या आईचं पहिलं बाळंतपण आठवतं का तुम्हाला?"

आत्या अण्णांकडे बघत राहिल्या. "ह्याच्यासमोर बोलू?"

"त्यांनीच आणलंय मला."

"पोरगी व्हती," आत्या म्हणाल्या.

मागाची खटखट चालू होती. आत्यांनी पदर सावरला आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्या थांबल्या नाहीत. पाणी तापलं ते सांगायला त्या दारापाशी गेल्या होत्या. सुईणीच्या हातात बाळ होतं. गोरं, गुटगुटीत, गालावर खळी. डोक्यावर केस इतके की आत्यांना वाटलं टोपडं घातलंय. "मी म्हनलं, हिला उठवा ना. तर आईनं मला बाहेर ओढलं अन् शपथ घातली, वहिनीला सांगायचं नाय. पुढं आई गेली. शपथ तशीच ऱ्हायली माझ्याकडं. वहिनीला चार पोरं झाली, सगळी म्हनली आता काय तिचं. मी बी तेच म्हनलं. पर लेकीबाळींचे केस विंचरताना दरवेळी मला ती आठवायची."

अण्णा चप्पल घालून ओट्यावर गेले. आम्ही त्यांना तिथेच राहू दिलं. चार भाऊ आणि बहीण एकही नाही, म्हणून हे चौघं दर भाऊबीजेला चुलत बहिणीच्या दारात रांगेने जात, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. चुलत बहीण दरवर्षी म्हणे, आले बघा चार पाहुणे. थोड्या वेळाने अण्णा आत आले आणि आत्यांना म्हणाले, "आईला फोन लावतो. तू सांग."

"फोनवर सांगायची गोष्ट हाय का ही?" आत्या उठल्या. "पिशवी भरते. मी येते संगं."

परतताना त्या मागच्या सीटवर माझ्या शेजारी होत्या. मांडीवर आजींसाठी घेतलेली पैठणी, जांभळी. "सोहळ्याला देनार व्हते," त्या म्हणाल्या. "आता आजच देते. धीर नाय."

आजी हॉलमध्येच होत्या. नणंद दारात दिसल्यावर त्या उठायला लागल्या, पण आत्यांनीच पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "वहिनी, पोरगी व्हती."

आजींनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "कोनावानी?"

"तुझ्यावानी. नाक तुझं. केस मात्र आमच्याकडले, लय दाट."

"रंगानं?"

"गोरी. अन् अशी गुटगुटीत." आत्यांनी हाताने दाखवलं.

आजींनी त्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे नीट पाहिलं. डोळे पुसले आणि हसल्या. "गोरी कशी? आमच्यात कोन गोरं हाय?"

"म्हनून तर लक्षात ऱ्हायली," आत्या म्हणाल्या, आणि मग दोघी इतक्या हसल्या की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं रडताहेत. थोडं तेही असेल. त्या दिवशी जेवायला शिरा झाला. तो कुणी करायला सांगितला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढचे काही दिवस आजी जो भेटेल त्याला सांगत. दूधवाल्याला, शेजारच्या डॉक्टरांना, इस्त्रीवाल्याला. "मला पहिली पोरगी. गुटगुटीत व्हती म्हने." अण्णा तिथे असले तर मान हलवून दुजोरा देत.

सोहळ्याच्या दिवशी लॉनवर गावाहून आलेल्या गाड्या लावायला जागा नव्हती. स्टेजवर आजी, अंगावर ती जांभळी पैठणी. समोर ओवाळायच्या दिव्यांची ताटं मांडलेली. मागे वेल. पत्रिका वाटताना कोऱ्या पानाचं काय करायचं हे सगळेच विसरले होते, आणि ते पान आता स्टेजच्या मधोमध, अण्णांच्या पानाच्या वर, पांढरं फटफटीत दिसत होतं. बाई रंगाची छोटी डबी आणि ब्रश घेऊनच आल्या होत्या. प्लास्टिकची खुर्ची ओढून त्या चढल्या आणि वरून म्हणाल्या, "अण्णा, काय लिहू? बारसं झालेलं नाही, म्हणजे नाव नाही."

भाऊ जमले. मधला म्हणाला, देवीचं नाव द्या. धाकटा म्हणाला, वडिलांच्या आईचं द्या. गुरुजी म्हणाले, अशा अपत्याला शास्त्रात नाव नसतं, आणि मुहूर्त टळतोय. अण्णा खुर्ची हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांनी मान वर केली. "मी तिला काय म्हटलं असतं?"

"काय म्हणणार?" वहिनी म्हणाल्या. "ताई म्हटलं असतं."

अण्णांनी एकदा तो शब्द तोंडात घोळवला. साठी उलटलेल्या माणसाने तो पहिल्यांदाच स्वतःच्या घरात वापरला असावा. "मग ताईच लिहा," ते म्हणाले.

बाईंनी डबीत ब्रश बुडवला. गुरुजी अक्षता मुठीत घेऊन म्हणाले, "आजी, सुरू करू या. तिकडे होईल ते."

"थांबा जरा, गुरुजी," आजी म्हणाल्या. "थोरली यायची हाय अजून."

लॉनवरचे लोक हळूहळू उठून स्टेजकडे बघू लागले. दोन अक्षरं लिहायला वेळ असा किती लागतो, पण बाईंनी घाई केली नाही. लिहून झाल्यावर त्या उतरल्या, चित्रकलेचे शिक्षक जातात तशा चार पावलं मागे गेल्या, डोळे बारीक करून अक्षरांकडे पाहिलं आणि नापसंतीने मान हलवली.

"काना जरा जाड झाला," त्या म्हणाल्या.

आजींनी खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळून पाहिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "गुटगुटीतच व्हती ती."